चमच्यापुरती काढलेली माळ

जानेफळ,
होळीच्या अलीकडचा बाजारदिवस

प्रिय इंद्रभान,

आजीचे अनेक आशीर्वाद. हे मी सांगितलेलं नाही. मी तोंड उघडायच्या आधीच कोकिळेनं लिहून टाकलं. पत्राची सुरुवात अशीच असते म्हणते. मी सांगितलं होतं, 'लिही, काऊन बे भोपळ्या, जिवंत हायेस का?' तर तुझी बहीण म्हणते, असं कोणी लिहीत नाही. चार इयत्ता शिकलेली ती, आणि मी जन्मात पाटीला हात न लावलेली. ती माझ्या 'मले'चं 'मला' करून राह्यली आणि मला बसल्या जागी तहसीलदारीण झाल्यासारखं वाटून राह्यलं. जिथं बोलणं फार सोवळं वाटेल तिथं ते तिचं समज, जिथं काटा लागेल तिथं माझं.

घाई आहे बापू. तुझा काका भगवानराव मेहकरच्या बाजाराला गेला आहे, तुझी माय वावरात हरभरा सोंगायला. घरात मी, कोकिळा आणि गोठ्यात म्हैस. काका परत यायच्या आत हे पत्र डाकवाल्याच्या थैलीत पडलं पाहिजे. तो घरी असता तर पत्र त्यानंच लिहिलं असतं, आणि मी काय बोलले ते सोडून बाकी सगळं त्यात आलं असतं. कोकिळा दाराकडे पाठ करून बसली आहे आणि मी दाराकडे तोंड करून. मघाशी कोणाची तरी गाडी वाजली तर तिनं कागद पोटाखाली घेतला आणि त्यावर अशी पालथी पडली की मला वाटलं पोरीला भोवळ आली. गाडी दुसऱ्याची निघाली. शाईचा एक डाग पडला असेल, तो वाचायचा नाही.

आधी तुझं बोलते. कुडता आखूड झाला, धोतराची गाठ आता पोटाखाली नाही तर पोटावर बसते, मैदानाला फेरी मारताना मधे बसावं लागत नाही, हे सगळं ऐकलं. मला आनंद झाला आणि थोडा रागही आला. तुला जाड मीच केलं ना. तुझा बाप पंजाबराव गेला त्या साली या घरात कोणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. तू तेवढा ताट पुढं ओढायचास. मला वाटायचं, एक तरी जेवते. म्हणून वाढत गेले. रोडग्यावर तूप, तुपावर गूळ, गुळावर पुन्हा तूप. तू आडवा वाढत गेलास, आणि मी गावाला सांगत फिरले की बापाच्या वळणावर गेला. तुझा बाप तर काठीसारखा होता! गावची पोरं हुतूतू खेळायची आणि तुला चपला राखायला बसवायची, हे मला फार उशिरा समजलं. तू कधी सांगितलं नाहीस. घरी आला की म्हणायचास, आज खूप खेळलो, भूक लागली. मी पुन्हा तूप वाढायची.

म्हणून तू अकोल्याला बोर्डिंगात गेलास आणि तिथं विलायतेहून शिकून आलेल्या डॉक्टरानं जाड पोरं वेगळी काढली, तेव्हा तू त्या रांगेत मुकाट का उभा राहिलास ते मला कळते. तुला चपला राखायच्या नव्हत्या. एवढंच. पण हे त्या दिवशी ओट्यावर बसलेल्या माणसांना कोण सांगणार?

तो दिवस तू पाहिला नाहीस, म्हणून सांगते. मार्गशीर्षात तुझं पत्र आलं तेव्हा ओट्यावर उकंडराव बसले होते. चिखलीचे, कापसाच्या अडतीचे. त्यांच्या शालिग्रामाशी आपल्या कोकिळेचं जमत आलं होतं, ते तिथी धरायलाच आले होते. आपल्या घरी पत्र आलं की काय होते ते तुला माहीत आहे. डाकवाला वेशीत दिसला की आळी गोळा होते, कारण निम्म्यांना वाटते, आत आपलंही नाव असेल. तुझ्या काकानं चष्मा चढवला, पाहुण्यांवर छाप पडावी म्हणून घसा साफ केला, आणि आधी एकदा मनाशी न वाचता सरळ मोठ्यानं सुरू केलं. दरबारात वाचावं तसं.

तू लिहिलं होतंस की सकाळ-संध्याकाळ एकेक चमचा तेल देतात. बरण्या दोन. एकीत माशाच्या काळजाचं तेल, दुसरीत तिळाचं. दोन्हींत ओव्याचा अर्क, त्यामुळे वास एकच. कोणत्या पोराला कोणत्या बरणीतलं, ते पोरांना माहीत नाही आणि चमचा देणाऱ्यालाही नाही. डॉक्टरानं एकट्यानं ते बंद करून ठेवलं आहे. मग भिंतीला उभं करून उंची घेतात, काट्यावर बसवतात, किती भाकरी खाल्ल्या आणि किती पळालात ते विचारतात. माशाच्या तेलानं पोरं उंच होतात का, हलकी होतात का, ते त्या डॉक्टराला पाहायचं आहे. इथवर सगळे कौतुकानं ऐकत होते. एकजण तर म्हणाला, आमच्या बैलावर पाहा म्हणा. आणि मग पुढची ओळ आली: 'आजी, तू काळजी करू नको. चमचा घेताना मी तुळशीची माळ काढून खिशात ठेवतो आणि चूळ भरून पुन्हा गळ्यात घालतो.'

काकानं तीही ओळ पूर्ण वाचली, त्याच आवाजात, शेवटचा शब्द लांबवून. वाचण्याच्या भरात त्याला आपण काय वाचलं ते समोरच्यांच्या तोंडावर बघूनच कळलं. उकंडरावांच्या हातात दुधाचा पेला होता. ओठाला लागायचा होता. तो त्यांनी खाली ठेवला. माणूस वाईट नाही, इंद्रभान. ओरडले नाहीत. म्हणाले, 'भगवानराव, आमच्या घरात चार पिढ्यांची माळ हाये. पोरगं घेते ते तेल कोनतं, येवढं मले सांगा. तीळ असंल तर वरात घेऊन येतो. मासा असंल तर आपला रामराम राहील, सोयरीक नाई.' कोणी तरी म्हणालं, पोराला प्रायश्चित्त देऊ. तर ते म्हणाले, 'पोराचं होईल हो. ज्या घरात बाटली राह्यली त्या घराचं काय?'

कारण बाटलीही होती ना! दिवाळीच्या सुटीत चमचा चुकू नये म्हणून त्याच तेलाची तू आणलेली, अर्धी संपवून विसरून गेलेली. औषध आहे म्हणालास. आणि मी ती देवाच्या कोनाड्यात ठेवली होती, बाळकृष्णाच्या बाजूला. देव आणि औषध, दोन्ही पोरासोरांच्या हाताला लागू नये म्हणून. उकंडरावांनी ती तिथं पाहिली तेव्हा मला वाटलं, भुई फाटावी आणि आधी तुझ्या काकाला पोटात घ्यावं.

काकानं डॉक्टराला कार्ड टाकलं. डॉक्टराचं उत्तर मोठ्या अदबीनं आलं की काम पुरं होईपर्यंत मलाही सांगता येत नाही, क्षमा असावी. बाटलीचा वास ज्यानं त्यानं घेतला. घराला आठ दिवस ओव्याचा वास मारत होता. मग तुझ्या काकाच्या डोक्यातून निघालं की मांजरासमोर ठेवू. मासा असेल तर चाटेल, तीळ असेल तर सोडेल. उकंडराव माघी एकादशीच्या पारण्याला पुन्हा यायचे होते, त्यांच्या देखत ठेवू. त्यांनीही कबूल केलं. आपली भुरी मांजर देवघरातल्या समईतलं करडीचं तेल चाटते, हे या घरातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. पण बायांना कोणी विचारलं? मी एकदा म्हटलं, 'अरे, ते कोनतंबी तेल चाटते.' तर काका म्हणाला, 'माय, तू गप.' मी वाती वळायला बसले. पण तेव्हापासून मला झोप नव्हती, कारण तेल कोणतंही असो, ते लग्न मोडलंच होतं. चिखलीवाल्यांनी नाकारलेली पोरगी, माशाच्या घरची पोरगी. पुढं कोण विचारणार होतं तिला?

त्या सकाळी ओटा भरला, अंगण भरलं, भिंतीवर पोरं बसली. उकंडराव पाटावर. समोर वाटी, वाटीत तुझं तेल. तुझी माय दाराआड पदराचा बोळा तोंडात धरून. कोकिळा चुलीपाशी, तवा तापून धूर निघत होता, तरी भाकर टाकायची शुद्ध नव्हती. भुरीला आणून सोडलं. ती हळूहळू चालत वाटीशी गेली. नाक लावलं. शेपटीचं टोक हललं. बापू, मी तुझ्या बापाच्या वेळी एवढं बाळंतपण सोसलं, पण असा दम कोंडला नव्हता. भिंतीवरचं एक पोट्टं म्हणालं, 'चाटते, चाटते!' आणि त्याला कोणी तरी खाली ओढलं. भुरीनं जीभ बाहेर काढली. आणि आपल्याच नाकावरून फिरवली. मग तिनं तोंड फिरवलं, उन्हात जाऊन बसली आणि पंजानं तोंड धूत राहिली, जणू लग्न तिचंच ठरायचं होतं.

उकंडराव हसले. या घरात पहिल्यांदा हसले. 'मुक्या जनावराले खोटं बोलता येत नाई,' म्हणाले, आणि पेला तोंडाला लावला. वैशाखातली तिथी धरली. काकानं अशी मान ताठ केली की मांजर जणू त्यानंच जन्माला घातलं होतं.

इथवरचं तुला लोकांकडून कळलंच असेल. पुढचं कळलेलं नाही. परवा तुझं दुसरं पत्र आलं, ते नशिबानं कोकिळेच्या हाती पडलं. तिनं ते मला चुलीपाशी हळूच वाचून दाखवलं. त्यात होतं, होळी झाली की कोणाला कोणतं तेल दिलं ते डॉक्टर उघडणार. 'मला कळलं की त्याच दिवशी लिहीन. आजी, मासा निघाला तरी रागावू नको.' तू लिहिशील आणि काका ते ओट्यावर वाचेल, कारण त्याला दुसरी रीत येत नाही. कोकिळेनं पत्राची घडी करून पदरात बांधली. म्हणाली, 'आजी, त्याले लिहू. डॉक्टराले विचारू नको म्हना. कळलं तरी लिहू नको म्हना.' म्हणून आज तिनं मला बसवलं आहे. तिला वाटते, हे पत्र तेवढ्यासाठी आहे.

आता पोरी, मी सांगते ते जसंच्या तसं उतरव. शाई सुकली म्हणू नको, दौत भरलेली आहे, मी बघितली.

भुरीनं तेल का चाटलं नाही ते मला माहीत आहे, इंद्रभान. त्या दिवशी उजाडता उजाडता मी मागच्या दारी गेले होते. म्हैस नुकतीच व्याली होती, पहिल्या चिकाचा खरवस उकंडरावांच्या पानात वाढायला म्हणून झाकून ठेवला होता. गोठ्यात एक पोरगी उकिडवी बसली होती, मांडीत ते भांडं, भांड्यात भुरीचं तोंड. आणि ती मांजराच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, 'खाय माय, आनखी खाय.' भुरीचं पोट भुईला टेकलं तरी म्हणत होती. ती पोरगी आपली कोकिळा.

टाक थांबला. मला वाचता येत नाही, पण टाकाचा आवाज येते. लिही, कोकिळे. रडायचं असेल तर बाजूला रड, कागद भिजवू नको.

मी त्या वेळी पाय न वाजवता परत येऊन गोधडीत शिरले. तुझ्या मायनं खरवस कुठं गेला विचारलं तेव्हा मीच सांगितलं की मांजरानं खाल्ला. त्यात खोटं काय होतं? मला राग आला नाही. कसा येईल? पोरगी बघायला आले तेव्हा कोणी म्हणालं चालून दाखव, कोणी म्हणालं केस सोड. शालिग्रामानं एवढंच विचारलं की तुम्ही वर्तमानपत्र वाचता का, नाही तर मी पाठवत जाईन. आणि पाठवतो. कापसाच्या गाड्यांबरोबर जुने अंक येतात, आणि ही बया सरकीच्या भावाची बातमीसुद्धा गालात हसत वाचते. मी अक्षरांची आंधळी आहे, डोळ्यांची नाही. असा नवरा मिळत असेल तर मी एक मांजर काय, गावचे कुत्रे जेवू घातले असते.

पण तेव्हापासून मी तिला बघून राह्यली. डाकवाल्याची काठी वाजली की हिच्या हातातलं भांडं पडते. भुरी पायात आली की हिला दचकल्यासारखं होते. मांजराला लाथ मारायला लागली आहे, ज्या मांजरानं हिचं लग्न जमवलं त्याला! आणि ही तर अजून माहेरी आहे. उद्या चिखलीला गेली, तू राखीला गेलास, तर ती ओवाळायच्या आधी तुझ्या तोंडाकडे बघेल, की हा काय बोलून बसतो. तू भोळा आहेस, तू बोलशील. नाही बोललास तर ती आयुष्यभर वाट बघेल. सासरा ताटावर बसला की तिला ती वाटी दिसेल. आणि ज्या माणसानं तिला वाचायला दिलं त्याच्यापाशी ती एवढं एकच वाक्य कधी बोलू शकणार नाही. हे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला, विचारलंस, आणि मासा निघाला, तर वैशाखात या अंगणात मांडव पडणार नाही. मी रोज दोन्ही बाजू धरून बघते. एक हातात धरली की दुसरी जड लागते. तुझ्या डॉक्टराजवळ याचा काटा असेल तर पाठव.

तेलाचं मात्र ऐक. मासा असो की तीळ, तू ते सोडू नको. घेतलेलं पुरं कर. तू पळतोस ते तेलानं की माझ्या हातचं तूप सुटलं म्हणून, हे तुझ्या डॉक्टराला होळीनंतर कळेल. मला आत्ताच थोडा संशय आहे, पण तो मी मान्य करणार नाही. आणि माळ चमच्यापुरती काढतोस ती काढू नको. गळ्यातच राहू दे. खिशात ठेवून काय तिला दिसत नाही होय?

हे पत्र मी तुझं तोंड बंद करायला सांगितलेलं नाही. तुला हे सगळं मी सुटीत शेजारी बसवून सांगितलं असतं. मला ते कोकिळेला सांगायचं होतं, आणि तोंडावर सांगितलं असतं तर ती नाही म्हणाली असती, मी हो म्हटलं असतं, दोघी रडलो असतो आणि वैशाख आला असता. स्वतःच्या हातानं लिहावं लागलं की माणसाला एकेका शब्दावरून जावं लागते. आता डॉक्टराला विचार की विचारू नको, हे मी सांगणार नाही. ते खाली तीच लिहील. लग्न तिचं आहे, टाकही तिच्याच हातात आहे. मी म्हशीला पाणी दाखवायला उठते. तिनं काय लिहिलं ते मी तिला कधी विचारणार नाही, आणि मला वाचता येत नाही हे तिला चांगलं माहीत आहे. मांजराचं सांगितलं तेही तिनं उतरवलं की गाळलं, कोणास ठाऊक. तू हे वाचत असशील, तर तिनं लिहिलं.

तुझीच, तुला तूप वाढून बिघडवणारी,
आजी अन्नपूर्णाबाई

इंद्रा,
हे खालचं माझं. आजी गोठ्यात गेली आहे. एकही शब्द गाळलेला नाही. डॉक्टरांना विचार. उत्तर घरी पाठवू नको, चिखलीला पाठव, शालिग्रामरावांच्या नावानं. हे संपलं की त्यांनाही एक लिहून याच थैलीत टाकते, त्यात खरवसाचं सगळं लिहीन. तीळ निघो की मासा, माझ्याआधी त्यांना कळू दे.
कोकिळा